मोटेवरची शाळा

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. बसलाच तर सांगणाऱ्याच्या, म्हणजे या बंकटच्या, मिशा उतरवा. तशाही फार उरलेल्या नाहीत. गोष्ट आहे कायदा शिकलेल्या एका बैलजोडीची, आणि ती ऐकायची तर एकच अट. पलीकडे खांबाला टेकून बियाण्याच्या शेंगा फोडत बसल्यात त्या छबुबाईंना गोष्ट संपेपर्यंत काही विचारायचं नाही. त्यांचे मालक गहिनीनाथबाबा बाजेवर पडलेत, त्यांनाही नाही. त्यांना तसं ऐकू येत नाही, फक्त स्वतःचं नाव निघालं की तेवढं येतं.

तर, निजामाचं राज्य होतं. तलवाड्याच्या अलीकडं ही एवढीशी वस्ती, पंचवीस घरांची. गहिनीनाथ तेव्हा पंचविशीतला, मिशीला पीळ नुकता बसायला लागलेला. त्याचा आवाज असा, की त्यानं इथं ‘मंडळी’ म्हटलं की वडवणीच्या बाजारात माणसं मागं वळून ‘काय?’ म्हणायची. सभेला तेव्हा सरकारची परवानगी लागायची आणि ती कधी मिळायची नाही. गहिनीनाथानं त्यावर तोड काढली होती. तो सभेला बारसं म्हणायचा. झाडाला रिकामा पाळणा टांगायचा, चार बायकांकडून दोन ओळी म्हणवून घ्यायच्या, आणि मग दोन तास भाषण. त्या एका हिवाळ्यात त्यानं इतकी बारशी केली, की तालुक्याच्या दप्तरात लोकसंख्या दीडपट झाली आणि पोरं मोजायला आलेला कारकून वेडा होऊन परत गेला.

“लोकाच्या गावात पाळने हालिवता,” छबुबाई म्हणायच्या, “जरा घरची मोट बी हालवा की.”

“देशाचं काम हाय, छबू.”

“मंग गहू कुनाचा हाय? इंग्रजाचा?”

गहिनीनाथ हसायचा, भाकरी फडक्यात बांधायचा आणि निघायचा. चौसाळ्याला बारसं असायचं.

भाषणाचा विषय नेहमी एकच असायचा, वेठ. साहेब दौऱ्यावर निघाला की वाटेतल्या गावांनी त्याला फुकट गाड्या द्यायच्या, फुकट बैल द्यायचे, वैरण, कोंबड्या, दूध, ओझ्याला माणसं, सगळं फुकट. काम करून घ्यायचं आणि हातावर काही ठेवायचं नाही, त्याला वेठ म्हणत. गहिनीनाथ त्यावर बोलायला लागला की गडी मुठी आवळायचे आणि म्हाताऱ्या रडायच्या. एकदा तर टांगलेला पाळणा आपोआप हलला. ते वारं होतं असं म्हणणारेही आहेत.

आणि तो असा बोलत हिंडायचा तेव्हा मोट हाकायच्या छबुबाई.

मोट आता कुणी पाहिलेली नाही, सगळीकडं इंजिनं आली, म्हणून सांगावं लागतं. कातड्याची मोठी पखाल विहिरीत सोडायची. तिचा दोर, म्हणजे नाडा, बैलांच्या खांद्याला. विहिरीपासून उताराची वाट असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली गेले की मोट भरून वर येते आणि थारोळ्यात, म्हणजे दगडी कुंडीत, रिकामी होते. मग बैलांनी तोंड न वळवता तसंच मागं मागं सरत वर यायचं, की मोट पुन्हा विहिरीत. खाली जाताना हाकणारा नाड्यावर बसतो, झोपाळ्यासारखा. वर येताना बैलांच्या संगतीनं पायी. गहिनीनाथाची धाव चाळीस पावलांची होती. चाळीस पुढं, चाळीस मागं, दिवसभर.

छबुबाई चाबूक वापरत नसत. धावेच्या तळाला पोचलं की त्या हात झटकायच्या. बांगड्या वाजल्या की राजा आणि तांब्या, ही त्या बैलांची नावं, मागं सरायला लागायचे.

त्या साली माघात गव्हाच्या ओंब्या चिकात आल्या होत्या, दाण्यात दूध भरत होतं. अशा वेळी चार दिवस पाणी तुटलं की दाणा चोळामोळा होतो, आणि वर्षाची भाकरी गेली. नेमका तेव्हा शहादेव पाटील वस्तीवर आला. पागोटं सारखं करत, जमिनीकडं बघत म्हणाला,

“गहिन्या, आठ रोजानं दौरा येतोय. यंदा तुझी गाडी आन् तुझी बैलं लावल्यात. धा दिवसांसाठी.”

“गहू चिकात हाय, पाटील.”

“मला काय सांगतोस? माझ्या घरच्या कोंबड्या बी लावल्यात.”

पाटील गेला आणि गहिनीनाथानं आढ्यावरची लाठी काढली. तेल पाजलं. वाटेत आडवा पडणार होता, साहेबाच्या पट्टेवाल्याचं डोकं फोडणार होता आणि शेवटी तुरुंगात जाऊन तिथंही बारसं करणार होता. एवढं ठरवून तो अर्जुनराव मास्तरांच्या मळ्यात गेला. आशीर्वाद घ्यायला.

अर्जुनराव पूर्वी शाळेत शिकवायचे. पोरांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं म्हणून त्यांची नोकरी गेली. तेव्हापासून ते केळी लावायचे आणि कडब्याच्या गंजीत तीन पुस्तकं न् वर्षाभराची जुनी वर्तमानपत्रं लपवून ठेवायचे. ज्याला वाचायचं असेल त्यानं कडबा मागायला यायचं. या वाचनालयाचा एकच तोटा होता, अधनंमधनं म्हैस पुस्तक खायची. त्यांच्या म्हशीच्या दुधावर वाढलेली पोरं पुढं वकील झाली म्हणतात.

मास्तरांनी लाठीकडं पाहिलं. “कुनाला मारायला निघालास बे?”

“वेठीला.”

“तिला डोकं कुटं असतंय? बरं, कायदा काय म्हनतो?”

“कायदा गेला खड्ड्यात, मास्तर.”

“कंच्या खड्ड्यात, ते तरी वाचलंस का?”

मास्तरांनी बंडीच्या खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. चौसाळ्याच्या बाजारात त्यातून तंबाखू बांधून मिळाली होती. उर्दूत छापलेला, सरकारी जरीद्याचा, म्हणजे सरकार आपले हुकूम ज्यात छापायचं त्या पत्राचा.

“ह्यात वेठीचा हुकूम हाय. त्येंचाच. काय हाय ते मी सांगनार न्हाई. तू वाच.”

“मला उर्दू येत न्हाई.”

“मी शिकवीन. आठ दिस हायत.”

“येळ कुटं हाय मास्तर? परवा वडवणीला बारसं, तेरवा...”

“मोट कोन हाकतं तुझी?”

गहिनीनाथानं लाठीचं दुसरं टोक बघितलं. “छबू.”

“आठ दिस तू हाक. सकाळी इथं यिऊन दोन वळी शिकून जा. धावंवर खाली जाताना नाड्यावर बसून त्या वाच. मागं सरताना तोंड मिटायचं आन् वाचलं त्येचा इचार करायचा. थारोळ्यात पानी पडलं, की मंग काय बोलायचं ते बोल. पानी न पडता बोललास तर कडबा बंद.”

कडबा बंद ही धमकी मोठी होती. गहिनीनाथ लाठी खांद्यावर टाकून घरी आला.

पहिल्या दिवशी तो नाड्यावरून तीनदा पडला आणि कागद एकदा. कागद विहिरीत जाता जाता तांब्यानं तोंडात धरला. मारवेल गवताची काडी असावी असं वाटलं असेल, पण चावला नाही, यातच काय ते समजा. दुसऱ्या दिवशी राजा मान वाकडी करून कागदाकडं बघायला लागला. उर्दू उजवीकडून डावीकडं वाचतात आणि राजा उजवीकडं जुंपलेला. त्याला सुरुवातीची अक्षरं दिसायची, तांब्याला शेवटची. चौथ्या दिवशी गहिनीनाथ एका अक्षरावर अडला तर बैल थांबले. त्यानं अक्षर लावलं तेव्हा चालले. हसू नका. इथल्या एकापेक्षा एक शिकलेल्या माणसांपेक्षा त्यांना अर्थाची जास्त चाड होती.

जाताना वाचणं जमलं. मागं सरताना गप्प राहणं मात्र गहिनीनाथाला भलतंच जड गेलं. पंचवीस वर्षांत तो सलग चाळीस पावलं कधी गप्प चालला नव्हता. पहिले दोन दिवस त्याचे ओठ नुसते फडफडत. मग हळूहळू त्याला पाण्याचा आवाज ऐकू आला, चाकाची कुरकूर ऐकू आली. आपल्या मोटेचं चाक कुरकुरतं हे त्याला माहीतच नव्हतं. त्यानं तेल घातलं.

पाचव्या दिवशी खाली जाताना दोन शब्द लागले. ‘बिला उजरत.’ मोबदल्यावाचून. कोणत्याही अंमलदारानं कुणाची गाडी, बैल, माणूस बिला उजरत कामाला लावू नये, अशी ती ओळ. हे सरकारनंच छापलंय! त्याच्या तोंडात भाषण आलं, दात उघडले, आणि तेवढ्यात धाव संपली. मागं सरायची वेळ आली. तोंड मिटावं लागलं.

मोबदल्यावाचून कामाला लावू नये, असं घोळवत तो मागं सरत होता आणि समोर वाफ्यात छबुबाई दारं धरत होत्या, म्हणजे एका वाफ्याचं पाणी मोडून दुसऱ्यात घेत होत्या. गुडघ्याएवढ्या चिखलात, पदर खोचलेला, हातात खोरं. विसाव्या पावलाला गहिनीनाथाची चाल मंदावली. तिसाव्याला तो थांबलाच. वस्तीत मोबदल्यावाचून सगळ्यात जास्त काम कोण करतं, आणि कुणासाठी, हे त्याच्या ध्यानात आलं. साहेबाला मिशा होत्या, तशाच यालाही होत्या.

थारोळ्यात पाणी पडल्यावर तो म्हणाला, “छबू, एवढी मोट हाकलीस. तुला कुनी काय दिलं गं?”

“कावून? ऊन लागलं का?”

“न्हाई, खरंच इचारतो. मी गावोगाव वेठीवर बोलत हिंडलो, आन् हितं तू माझी वेठ करत व्हतीस.”

छबुबाईंनी खोरं चिखलात रोवलं आणि इतक्या हसल्या की पाणी भलत्याच वाफ्यात गेलं. “आवं, बरी आठवन झाली! वेठीला साहेब तरी वरसातनं दोनदाच येतो.”

त्या रात्रीचं तलवाड्याचं बारसं झालं नाही. गहिनीनाथानं बसून बाजरी निवडली; वाईट निवडली, खडे राहिले, पण निवडली. तेल पाजलेली लाठी त्यानं शेवग्याला टेकू म्हणून लावली. उरलेले तीन दिवस तो खाली जाताना मोठ्यानं वाचायचा, छबुबाई पाण्याच्या पाटावरून ऐकायच्या, आणि थारोळ्यात पाणी पडलं की दोघं त्यावर भांडायची. उजरत म्हणजे नुसते पैसे का मान, यावर ती दोघं अर्धा दिवस भांडली. गव्हाला दुप्पट पाणी बसलं.

नवव्या दिवशी सकाळी दौरा आला. पुढं घोड्यावर पट्टेवाला, मागं तंबू, खाटा, भांडी, कोंबड्यांचं खुराडं, दुधाची घागर, आणि या सगळ्यांच्या मधोमध साहेब. नाव सांगत नाही. माणूस तसा वाईट नव्हता, कंबरदुखीनं बेजार होता. त्याच्या आधीच्या गाडीचा कणा मोडला होता. गहिनीनाथाची गाडी चावडीपुढं आणली, गादी टाकली, सामान लादलं.

गहिनीनाथ पुढं झाला. वस्तीनं कान झाकून घेतले. पण तो साध्या आवाजात म्हणाला, “साहेब, गहू चिकात हाय. बैल देता येत न्हाईत. आन् तसा हुकूम बी हाय, दाखवतो.”

“हुकूम हम देते, तुम सुनते,” साहेब म्हणाला आणि कण्हत गादीवर बसला. “हांको!”

गहिनीनाथानं हाकली. काय करणार? गाडी ऐटीत निघाली. पाच पावलं, दहा, वीस, चाळीस. चाळिसाव्या पावलाला बैल थांबले. आणि मागं सरायला लागले.

साहेब, गादी, कोंबड्या, सगळं मागं मागं चावडीपाशी आलं.

“ये क्या है बे?”

“मोटेचे बैल हायत, साहेब. तेवढंच चालत्यात.”

साहेबाला वाटलं हाच काही करतोय. गहिनीनाथाला खाली उतरवलं, हाकायला पट्टेवाल्याला बसवलं. पट्टेवाल्यानं शेपट्या पिळल्या. चाळीस पावलं पुढं. चाळीस पावलं मागं. पट्टेवाल्यानं शिव्या दिल्या, तोंडातल्या संपल्या तेव्हा पाटलाकडून उसन्या घेतल्या. चाळीस पुढं, चाळीस मागं. चावडीशेजारच्या निंबाखाली बायका सुपं घेऊन पाखडत बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडात कोंबले.

गहिनीनाथ गाडीशेजारून चालत होता. हातात तंबाखूचा कागद. गाडी पुढं निघाली की तो हुकूम वाचायचा, मोठ्यानं, स्वच्छ. गाडी मागं सरायला लागली की तोंड मिटायचा. ठरवून नव्हे, आठ दिवसांची सवय. आणि त्या शांततेत साहेबाला दुसरं करण्यासारखं काही नसायचं, म्हणून तोही विचार करायचा. पूर्वीचा गहिनीनाथ असता तर त्यानं मधे श्वाससुद्धा घेऊ दिला नसता.

दहाव्या खेपेला साहेब म्हणाला, “ठहर. ये लफ्ज गलत पढा तूने. फिर से.” गहिनीनाथानं परत वाचलं. पंधराव्या खेपेला साहेबच त्याच्याबरोबर वाचायला लागला. उन्हं वर आली. इतक्या हिंदकळण्यानं घागरीतल्या दुधाचं लोणी झालं, आणि कोंबड्यांनी खुराड्यात अंडी घातली. काहींचं म्हणणं पिल्लंही निघाली, पण आपण खोटं कशाला सांगायचं.

विसाव्या खेपेला गाडी मागं येऊन चावडीला लागली तेव्हा साहेबानं कंबर चोळली. मग विचारलं,

“किसने सिखाया तुझे?”

“मोटेनं, साहेब.”

“और इन को?” त्यानं बैलांकडं बोट केलं.

“माझ्याच वर्गात व्हते.”

साहेब हसला. हसताना कंबर दुखली तरी हसला. खाली उतरला, कागद मागून घेतला, दोनदा वाचला, घडी करून परत दिला. “खोल दो,” म्हणाला. गाडीचं सामान उतरलं. पलीकडच्या गावाहून भाड्यानं, रोख उजरत देऊन गाड्या मागवल्या. पाटलाच्या कोंबड्याही परत गेल्या, अंड्यांसकट. आणि दुपार कलायच्या आत राजा न् तांब्या धावेवर उभे होते. गहू वाचला. असा वाचला, की एकेक दाणा बोराएवढा आणि ओंब्यांच्या भारानं बांध वाकला.

पुढं गहिनीनाथ पुन्हा हिंडला, पुष्कळ हिंडला, पण एक दिवस बारसं तर एक दिवस मोट, असा नेम ठेवून. त्याला कुणी विचारलं, त्या दिवशी साहेबाला कुणी हरवलं, तर तो सांगायचा, माझ्या बैलांनी. चाळीस वर्षं तेच सांगत आला. शिकलेली जनावरं ती! चाळीस पावलं त्यांनी स्वतः मोजली. ना कुणी हाक मारली, ना कुणी खूण केली, ना...

“खोटं!”

शेंगांचं सूप खाली आपटलं. छबुबाई उठून उभ्या होत्या.

“साफ खोटं. लई येळ ऐकून घेतलं. बैलाला चाळीस मोजता येत असतंय व्हय रे, बंकट? निंबाखाली मी बसले व्हते. सूप पाखडताना चाळीस मोजत व्हते आन् हात झटकत व्हते, असा.” त्यांनी हात झटकला. चार काचेच्या बांगड्या वाजल्या. “ईस खेपा. मनगट सुजलं व्हतं आठ दिस.”

बाजेवर गहिनीनाथबाबा उठून बसले. हे त्यांना ऐकू आलं होतं.

“तू व्हतीस? छबू? आन् चाळीस वर्सं बोलली न्हाईस?”

“तुमी इचारलं का? वेठीवर बोलत गावंच्या गावं हिंडलात,” छबुबाई म्हणाल्या, आणि हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला, “आन् माझ्या कामाचं नाव चाळीस वर्सं बैलाला. ही बी वेठच की वं!”